निर्वासितांचे स्वराज्य : तिबेटी लोकशाहीचा परिचय

थंडीचे दिवस सुरू झाले की आपल्याकडील बहुतेक मोठ्या गावांत रस्त्याच्या कडेला लोकरी कपड्यांची दुकाने मांडून बसलेली तिबेटी कुटुंबे दिसू लागतात. आपण भाव करतो, स्वेटर घेतो आणि पुढे जातो. ह्या लोकांचा देश चीनने घेतला व दलाई लामा हे त्यांचे धर्मगुरू, ह्यापलीकडे त्यांच्याविषयी आपल्याला सहसा माहिती नसते. परंतु दुकानात बसलेल्या ह्याच बाई दर पाच वर्षांनी मतदानपत्रिकेवर नावे लिहून आपले प्रतिनिधी व आपला प्रमुख निवडतात, त्या प्रतिनिधींपुढे त्यांच्या सरकारचा जमाखर्च मांडला जातो, आणि हे सर्व स्वतःच्या मालकीची वीतभर भूमी नसताना साठ वर्षांहून अधिक काळ चालत आले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या व्यवस्थेची ओळख वाचकांस करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय ह्या स्मरणिकेत घेण्यास कारणही आहे. घटना, निवडणूक, हिशेबतपासणी, एकाच आदरणीय व्यक्तीवर सर्व भार टाकण्याची समाजाची सवय, हे सार्वजनिक संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाच्या रोजच्या अनुभवाचे प्रश्न आहेत. एका संपूर्ण जनसमूहाने ते परक्या भूमीवर कसे सोडविले, हे पाहण्याजोगे आहे.

जुनी व्यवस्था व तिचा दोष

तिबेटात १६४२ साली पाचव्या दलाई लामांच्या काळी ‘गांदेन फोद्रांग’ ह्या नावाची राजवट स्थापन झाली. तेव्हापासून धर्मसत्ता व राजसत्ता दोन्ही एकाच गादीशी निगडित झाल्या. दलाई लामांच्या हाताखाली ‘कशाग’ नावाचे मंत्रिमंडळ असे. वरिष्ठ अधिकारी एकतर भिक्षुवर्गातून येत किंवा सरदार घराण्यांतून. प्रसंगविशेषी मोठ्या मठांचे व अधिकारीवर्गाचे प्रतिनिधी एकत्र बोलावून विचारविनिमय होई. परंतु शेतकऱ्याने किंवा गुराख्याने मत देऊन कोणास निवडावे, असा प्रकार तेथे नव्हता.

ह्या व्यवस्थेत एक उघड दोष होता. दलाई लामा हे पद वंशपरंपरेने मिळत नाही. पूर्वीचे दलाई लामा निवर्तल्यावर त्यांचा पुनर्जन्म मानला गेलेला बालक शोधून काढावयाचा, त्यास शिकवावयाचे, आणि तो वयात आला म्हणजे त्याच्या हाती सत्ता द्यावयाची, अशी रीत. मधली पंधरावीस वर्षे कारभार प्रतिशासकाच्या हाती राही. एकोणिसाव्या शतकात तर नवव्यापासून बाराव्यापर्यंतचे चारही दलाई लामा लहान वयातच वारले, आणि जवळजवळ सारे शतक प्रतिशासकांच्या राजवटीत गेले. गादीवरील पुरुष कितीही थोर असला तरी दोन पुरुषांमधील अंतर कोणी भरून काढावे, ह्या प्रश्नास त्या व्यवस्थेपाशी समाधानकारक उत्तर नव्हते. पुढील सर्व सुधारणांचे मर्म ह्या एका गोष्टीत आहे, ते वाचकांनी ध्यानात ठेवावे.

विद्यमान चौदाव्या दलाई लामांचा जन्म १९३५ सालचा. चिनी सैन्य तिबेटात शिरल्यावर १७ नोव्हेंबर १९५० रोजी, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यांच्यावर राज्यकारभाराची जबाबदारी आली. त्यांनी काही सुधारणांना हात घातला होता. पण मे १९५१ च्या सतरा कलमी करारानंतर तेथील सूत्रे उत्तरोत्तर चिन्यांकडे जात राहिली. १० मार्च १९५९ रोजी ल्हासा येथे उठाव झाला, त्याच महिन्याच्या १७ तारखेच्या रात्री दलाई लामांनी राजधानी सोडली आणि ३१ मार्च रोजी ते भारताच्या सरहद्दीत आले. त्यांच्यामागोमाग हजारो लोक हिमालय ओलांडून आले.

पहिली निवडणूक

निर्वासितांचा पहिला विचार अन्न, औषध व निवारा ह्यांचा असतो. रस्त्यांच्या बांधकामावर डोंगराळ प्रदेशात मजुरी करीत हे लोक दिवस काढीत होते. अशा वेळी निवडणुकीचे नाव काढणे कोणासही अप्रस्तुत वाटले असते. दलाई लामांनी मात्र मसुरी येथे एप्रिल १९५९ मध्येच आपले प्रशासन पुन्हा उभे केले आणि १९६० च्या प्रारंभी बोधगया येथे जमलेल्या लोकांना, आपले प्रतिनिधी आपणच निवडा, असे सांगितले. त्याच वर्षी प्रशासनाचे ठाणे मसुरीहून धर्मशाळेस हलले. २ सप्टेंबर १९६० रोजी तिबेटी इतिहासातील पहिल्या निर्वाचित प्रतिनिधींनी शपथ घेतली. तो दिवस तिबेटी समाज आजही लोकशाही दिन म्हणून पाळतो.

त्या पहिल्या मंडळात तेरा सभासद होते. तिबेटचे परंपरागत प्रांत तीन : मध्य तिबेट म्हणजे ऊ-त्सांग, पूर्वेकडील खाम आणि ईशान्येकडील आम्दो. प्रत्येक प्रांताचे तीन मिळून नऊ, आणि न्यिंगमा, काग्यू, साक्या व गेलुग ह्या चार बौद्ध संप्रदायांचा प्रत्येकी एक मिळून चार. ह्या रचनेतील शहाणपण लक्षात घेण्यासारखे आहे. ल्हासाच्या प्रत्यक्ष कारभाराबाहेर राहिलेले पूर्वेकडील पुष्कळ लोक निर्वासित झाल्यावर प्रथमच एका व्यवस्थेत आले. लोकसंख्या मोजून जागा दिल्या असत्या तर लहान प्रांतास आपण गिळले जाऊ, अशी धास्ती वाटली असती. म्हणून तिन्ही प्रांतांस समान जागा दिल्या. साठीच्या दशकातच प्रत्येक प्रांतामागे स्त्रियांसाठी एक जागा राखण्यात आली. पुढे बोन ह्या तिबेटच्या प्राचीन धर्मपरंपरेसही प्रतिनिधित्व मिळाले.

राजाला काढून टाकण्याचे कलम

१० मार्च १९६३ रोजी भावी स्वतंत्र तिबेटसाठी एक राज्यघटना जाहीर करण्यात आली. तीत मूलभूत हक्क होते, निर्वाचित विधिमंडळ होते, स्वतंत्र न्यायसंस्था होती. परंतु सर्वांत विलक्षण कलम होते ते हे की, राष्ट्राच्या हितासाठी आवश्यक वाटल्यास विधिमंडळास दोनतृतीयांश मताधिक्याने दलाई लामांचे शासनाधिकार काढून घेता यावेत. हे कलम ऐकून तिबेटी लोक व्यथित झाले. ज्यांना आपण अवलोकितेश्वराचा अवतार मानतो त्यांना पदावरून दूर करण्याची भाषा कागदावर यावी, हे त्यांना सहन होईना. ते कलम राहिले पाहिजे असा आग्रह स्वतः दलाई लामांचाच होता.

जगाच्या इतिहासात राजांनी प्रजेस हक्क दिले ते बहुधा प्रजेच्या रेट्यापुढे नमून. येथे उलट चित्र दिसते. हक्क देणारा उत्सुक, घेणारे नाखूष. ह्यात गौरव आहे तसा धोकाही आहे. जो हक्क मागून, झगडून मिळविलेला नसतो, तो वापरण्याची सवय सावकाश लागते. पुढील जवळजवळ तीस वर्षे तसेच झाले. प्रतिनिधी निवडले जात, पण मंत्र्यांची नेमणूक दलाई लामाच करीत, आणि कठीण प्रश्न आला की सर्वांचे डोळे त्यांच्याकडेच वळत.

१९९१ ची सनद

१९९० साली दलाई लामांनी तत्कालीन प्रतिनिधिसभा विसर्जित केली, नव्या सभेची सभासदसंख्या वाढवून सेहेचाळीस केली आणि मंत्री निवडण्याचा अधिकार त्या सभेस दिला. नव्या सभेने जून १९९१ मध्ये ‘निर्वासित तिबेटींची सनद’ संमत केली. आज चालणारा सर्व कारभार ह्या सनदेच्या आधारे चालतो. १९६३ ची घटना भावी काळासाठी होती; ही सनद निर्वासित अवस्थेतील दैनंदिन कारभारासाठी आहे. तिने कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ व न्याय हे तीन विभाग वेगळे केले. हिंसेचा व बळाच्या वापराचा त्याग हे तत्त्व तिच्यात स्पष्ट नमूद आहे. १९९२ साली सर्वोच्च न्याय आयोग स्थापन झाला. भारताचे कायदे सर्वांना लागू असल्यामुळे फौजदारी प्रकरणे भारतीय न्यायालयांतच जातात. हा आयोग तिबेटी लोकांचे आपसांतील दिवाणी तंटे लवादाच्या रीतीने मिटवितो आणि सनदेचा अर्थ लावतो.

पुढची पायरी २००१ सालची. त्या वर्षी मंत्रिमंडळाचा प्रमुख, म्हणजे ‘कालोन त्रिपा’, लोकांनी प्रत्यक्ष मतदानाने निवडला. प्राध्यापक सामदोंग रिंपोछे हे विद्वान भिक्षू फार मोठ्या मताधिक्याने निवडून आले व २००६ साली पुन्हा निवडले गेले. २०११ साली प्रथमच तिघा उमेदवारांत खरी चुरस झाली आणि कायद्याचे अभ्यासक लोबसांग सांगे सुमारे ५५ टक्के मते मिळवून विजयी झाले.

तीनशे एकोणसत्तर वर्षांनंतर

त्याच वर्षी, १० मार्च २०११ रोजी, दलाई लामांनी आपले सर्व राजकीय अधिकार लोकनियुक्त नेत्याकडे सोपविण्याचा निश्चय प्रकट केला. प्रतिनिधिसभेने त्यांना फेरविचाराची विनंती केली. मे महिन्यात धर्मशाळेस निरनिराळ्या देशांतील चारशेहून अधिक प्रतिनिधींची सभा भरली. आपण निदान नामधारी प्रमुख तरी राहावे, अशी गळ तिने घातली. दलाई लामांनी तेही मान्य केले नाही. २९ मे २०११ रोजी सनदेतील दुरुस्त्यांना त्यांची संमती मिळाली आणि १६४२ पासून चालत आलेली गांदेन फोद्रांगची राजसत्ता संपुष्टात आली. धर्मगुरुपद तेवढे राहिले. २०१२ पासून निर्वाचित प्रमुखास ‘सिक्योंग’ असे नाव मिळाले.

हा निर्णय भावनेच्या भरात घेतलेला नव्हता. लेखाच्या आरंभी सांगितलेला जुना दोष येथे पुन्हा आठवावा. दलाई लामांनी ६ जुलै २०२५ रोजी वयाची नव्वद वर्षे पूर्ण केली. त्यांच्या पश्चात पुढचा दलाई लामा कोण, ह्या निवडीवर चीन सरकार आपला हक्क सांगते. तर आपली परंपरा चालू राहील व पुनर्जन्म ओळखण्याचा अधिकार केवळ आपल्या गांदेन फोद्रांग न्यासास आहे, असे दलाई लामांनी जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. हा वाद पुढे कसाही मिटो, राज्यकारभाराचा दोर त्या बालकाच्या हाती राहणार नाही. जो दोर आधीच लोकांच्या हाती दिला आहे, तो बालक पळविल्याने किंवा बाहुले बसविल्याने तुटणार नाही. सत्तात्यागामागील राजकीय धोरण आमच्या समजुतीप्रमाणे हेच होय.

आजची रचना

संसदेत आज पंचेचाळीस जागा आहेत. तीन प्रांतांचे प्रत्येकी दहा, पाच धर्मपरंपरांचे प्रत्येकी दोन, उत्तर अमेरिकेतील तिबेटींचे दोन, युरोप व आफ्रिकेतील दोन, आणि ऑस्ट्रेलिया व आशियातील भारत, नेपाळ, भूतान सोडून इतर देशांतील तिबेटींचा एक. मतदार अठरा वर्षांचा, संसदेचा उमेदवार पंचवीस वर्षांचा व सिक्योंगपदाचा उमेदवार पस्तीस वर्षांचा असावा लागतो. मतदान दोन फेऱ्यांत होते : पहिल्या फेरीत लोक नावे सुचवितात, दुसऱ्या फेरीत त्यांतून निवड होते. खामचा माणूस कर्नाटकात राहो की हिमाचलात, तो खामच्या उमेदवारांसच मत देतो आणि दहा नावांपर्यंत निवडू शकतो. राजकीय पक्षांच्या चढाओढीवर ही पद्धत आधारलेली नाही.

संसदेची अधिवेशने वर्षातून दोनदा, सर्वसाधारणपणे मार्च व सप्टेंबर महिन्यांत, भरतात. मार्चमध्ये अंदाजपत्रक मांडले जाते. सिक्योंग आपले मंत्री सुचवितात व संसद त्यांना संमती देते. धर्म व संस्कृती, गृह, शिक्षण, अर्थ, संरक्षण, माहिती व परराष्ट्रसंबंध, आणि आरोग्य अशी सात खाती आहेत. निवडणूक आयोग, लोकसेवा आयोग व महालेखापरीक्षकाची कचेरी ह्या तीन संस्था मंत्रिमंडळाच्या अधिकाराबाहेर ठेवल्या आहेत.

आता पैशाचा प्रश्न. ज्या सरकारपाशी पोलीस नाही, तुरुंग नाही, ते कर वसूल कसा करणार? तिबेटींनी ह्यावर काढलेली तोड आम्हांस फार उद्‌बोधक वाटली. १९७२ सालापासून प्रत्येक तिबेटी माणूस एक हिरवे पुस्तक बाळगतो. वर्षाकाठी ठरलेली लहानशी ऐच्छिक वर्गणी भरली की त्याची नोंद त्या पुस्तकात होते. वर्गणी चुकविली म्हणून कोणी दारात येत नाही. परंतु वर्गणी अद्ययावत नसल्यास मत देता येत नाही. ह्या लहान रकमांवर सर्व कारभार चालत नाही, बाहेरून मोठे साहाय्य घ्यावेच लागते. तथापि मजुरी करणारा माणूसही पुस्तक जपून ठेवतो, कारण आपण एका राष्ट्राचे नागरिक आहोत ह्याचा त्याच्या हाती असलेला तोच एक पुरावा होय.

वसाहतींतील कारभार

ज्या लोकांसाठी हे सर्व चालते ते प्रामुख्याने वसाहतींत राहतात. पहिली मोठी शेतीप्रधान वसाहत तत्कालीन म्हैसूर राज्याने दिलेल्या जमिनीवर बैलकुप्पे येथे उभी राहिली. बेळगाव-हुबळीकडील वाचकांस मुंडगोडची वसाहत ठाऊक असेल. उत्तर कन्नड जिल्ह्यात १९६६ साली वसविलेल्या ह्या वसाहतीत द्रेपुंग व गांदेन ह्या प्रसिद्ध मठांची पुनःस्थापना झाली आहे. महाराष्ट्रातही, आजच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव येथे, नॉर्ग्येलिंग नावाची वसाहत १९७२ पासून आहे. प्रत्येक वसाहतीवर एक वसाहत-अधिकारी असतो, बहुतेक ठिकाणी सहकारी संस्था असते, आणि सनदेने स्थानिक लोकसभांचीही तरतूद केली आहे. पाण्याची टाकी, दवाखाना, शाळा, ट्रॅक्टरचे भाडे, असे विषय तेथे निघतात. संसदेतील भाषणांपेक्षा अशा बैठकींत लोकशाहीचे शिक्षण अधिक होते, असे आम्हांस वाटते.

उणिवा व संकटे

केवळ स्तुती करून थांबल्यास हा लेख अपुरा राहील. ह्या लोकशाहीस मर्यादा आहेत. जगातील कोणत्याही देशाने ह्या शासनास अधिकृत मान्यता दिलेली नाही. भारताने आश्रय दिला, जमीन दिली, शाळा दिल्या. मान्यता दिलेली नाही. नेपाळात तर ऑक्टोबर २०१० मध्ये काठमांडू येथे पोलिसांनी मतपेट्या जप्त केल्या. शिवाय तिबेटात राहणाऱ्या लक्षावधी लोकांना ह्या निवडणुकीत मत नाही. २००९ च्या गणनेप्रमाणे बाहेर राहणारे तिबेटी सुमारे १ लाख २८ हजार, त्यांपैकी सुमारे ९४ हजार भारतात होते. एवढ्यांनी सर्वांच्या नावे बोलावे काय, हा प्रश्न विरोधक विचारतात. त्यावर तिबेटी लोकांचे म्हणणे असे की, आतल्यांना बोलू दिले जात नाही तोवर बाहेरच्यांनी गप्प बसणे हा त्यांचा विश्वासघात होईल.

अंतर्गत दोषही आहेत. भिक्षू व भिक्षुणी ह्यांना दोन मते असतात, एक प्रांतासाठी व एक संप्रदायासाठी, गृहस्थास एकच. प्रत्येकाचे मत सारखे ह्या तत्त्वाशी हे जुळत नाही, आणि ह्याविषयी त्या समाजात वाद आहे. एकोप्यासाठी दिलेल्या प्रांतवार जागा कधी कधी प्रांताभिमानासच खतपाणी घालतात. २०२१ साली तर मोठाच पेच उद्‌भवला. त्या वर्षीच्या मार्चमध्ये संसदेने न्याय आयोगाचे तिन्ही आयुक्त पदच्युत केले. पुढे नव्या संसदेच्या सभासदांनी शपथ कोणापुढे व कशी घ्यावयाची ह्यावरून दोन तट पडले आणि सभागृहाचे काम कित्येक महिने अडले. अखेरीस ऑक्टोबरमध्ये तोड निघाली. त्या सबंध काळात दलाई लामांनी हुकूम काढून वाद मिटविला नाही. ज्यांनी भांडण काढले त्यांनीच ते मिटवावे लागले. आमच्या दृष्टीने त्या समाजाच्या प्रौढत्वाची ही कसोटी होती. ती त्याने अडखळत, पण पार केली.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत सुमारे ८३ हजार नोंदलेल्या मतदारांपैकी ६३ हजारांवर लोकांनी, म्हणजे शेकडा सुमारे ७७ जणांनी, मत दिले व पेन्पा त्सेरिंग सिक्योंग झाले. मतदान अनेक देशांत विखुरलेले, मिळणारी सत्ता जवळजवळ शून्य, आणि तरी हे प्रमाण! सर्वांत मोठे संकट मात्र पुढेच आहे. तरुण मंडळी अमेरिका, कॅनडा, युरोप येथे जात आहेत, वसाहती ओस पडत आहेत, शाळांतील मुले कमी होत आहेत. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ ह्या काळात भारतात जन्मलेले तिबेटी कायद्याने भारतीय नागरिक ठरतात व २०१४ पासून त्यांची नावे आपल्या मतदारयादीत घेण्यात येऊ लागली. पोटासाठी, प्रवासासाठी, मुलांच्या भवितव्यासाठी नागरिकत्व घेणाऱ्यास दोष कोण देईल? पण सर्वांनीच ते घेतले तर हिरव्या पुस्तकाचे काय, हा प्रश्न प्रत्येक तिबेटी घरात आज विचारला जात आहे.

आपण काय घ्यावे

आपण मराठी मंडळीही पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहत आलो आहोत. परंतु आपली तुलना त्यांच्याशी करणे योग्य नव्हे. आपण आपल्याच देशात आहोत, हवे तेव्हा मूळ गावी जाऊ शकतो. तिबेटी माणसास ती वाट बंद आहे. म्हणून त्यांच्या उदाहरणातून घ्यावयाचे ते संस्थाचालकांनी घ्यावयाचे. पहिली गोष्ट, अडचणीचा काळ हे निवडणूक पुढे ढकलण्याचे कारण नव्हे. त्यांनी ती भुकेच्या दिवसांत घेतली. दुसरी, वर्गणी लहान असो, पण ती प्रत्येकाकडून यावी; ज्याने चार आणे दिले तो हिशेब विचारतो. तिसरी, हिशेब तपासणारा हा कारभाऱ्याच्या हाताखालचा नसावा. चौथी व सर्वांत अवघड गोष्ट ही की, ज्या व्यक्तीवाचून संस्थेचे पान हालत नाही, तिने आपल्या हयातीत, लोक नको म्हणत असताना, बाजूला होऊन दुसऱ्यांना चुका करू द्याव्यात.

आपल्या अनेक संस्था एका कर्त्या पुरुषाच्या पाठोपाठ लयास गेल्या, हे आपण सर्व जाणतो. त्या पुरुषाची सेवा खोटी नव्हती. आपल्यामागे काय, ह्याचा विचार त्याने केला नव्हता आणि त्यास तो करावयास लावण्याचे धैर्य इतरांत नव्हते. तिबेटी लोकांपाशी देश नाही, सैन्य नाही, धन नाही. परंतु हा विचार त्यांनी वेळेवर केला. पुढल्या हिवाळ्यात त्यांच्या दुकानी स्वेटर घेताना वाचकांनी त्यांच्या निवडणुकीविषयी दोन शब्द अवश्य विचारावेत. आपला विषय कोणी आस्थेने काढला ह्याचा त्यांना आनंद होईल, आणि आपल्याला ह्या लेखात न आलेले पुष्कळ काही ऐकावयास मिळेल.